बर्फ पडू दे, पण बेतानं

२०२४ च्या जानेवारीत मी कोरडवाहू शेतकऱ्यासारखा रोज सकाळी उठून आभाळाकडे बघत होतो. फरक इतकाच की आभाळ गुलमर्गचं होतं आणि मी कोथरूडच्या बाल्कनीत चहाचा कप घेऊन उभा होतो. मोबाइलवर गुलमर्गचा कॅमेरा लावायचा, तपकिरी गवत बघायचं, सुस्कारा सोडायचा. मग तिथल्या हॉटेलच्या मॅनेजरला मेसेज टाकायचा, "बर्फ?" दहा मिनिटांत उत्तर यायचं, "इंशाल्लाह, सर."

तोवर माझा आणि बर्फाचा संबंध दोनच ठिकाणी आला होता. एक म्हणजे शाळेबाहेरचा कालाखट्टा. दुसरा म्हणजे दर हिवाळ्यात पेपरात येणारी 'वेण्णा लेकवर दवबिंदू गोठले' ही बातमी, जिच्या फोटोत एका गाडीच्या टपावर साबुदाण्याएवढं काहीतरी पांढरं दिसतं. पण आमची लेक बंगळुरूला नोकरीला. तिच्या ऑफिसातले सगळे कुठे ना कुठे पायाला पट्ट्या बांधून घसरून आलेले. दिवाळीला घरात पाऊल टाकतानाच ती म्हणाली, "बाबा, या वर्षी स्कीइंग." ही विचारणा नव्हती, हा ठराव होता, आणि माझ्या मताशिवाय तो एकमताने संमत झाला.

आता जायचं कुठे? इथे आमचे मेहुणे मैदानात उतरले. त्यांना प्रवासातलं कळतं, असं त्यांचं मत आहे. त्यांनी सोलंगचा आग्रह धरला. मनालीहून जवळ, पुढे अटल बोगदा, स्वस्त आणि मस्त. फक्त बर्फ पडला की अख्खी दिल्ली आणि चंदीगड आपापल्या गाड्या घेऊन तिथे हजर होतात आणि मग मनालीच्या रस्त्यावर रात्र गाडीत काढावी लागते, हे त्यांनी सांगितलं नाही. ते मी बातम्यांत वाचलं. म्युनिकला असलेला भाचा म्हणाला, "काका, आल्प्सलाच या ना." मी लिफ्ट पासचे दर पाहिले. नुसतं डोंगरावर वर जायचे माणशी दिवसाला साठ-सत्तर युरो. त्याचे रुपये केले आणि भाच्याला आशीर्वाद पाठवले.

औली मला मनापासून आवडलं होतं. समोर नंदादेवी, लांबलचक उतार, आणि जोशीमठहून वर नेणारा चार किलोमीटरचा रोपवे. पण जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची जमीन खचायला लागली तेव्हापासून तो रोपवे बंद. जिथे लोकांच्या घरांच्या भिंतींना हात जाईल एवढ्या भेगा पडल्या, तिथे रोपवे का बंद म्हणून कुरकुर करायची लाज वाटली. औली गुपचूप यादीतून काढलं. उरलं गुलमर्ग. बायकोचा कौल तसाही पहिल्यापासून काश्मीरलाच होता. त्यामागे शाल हे कारण होतं, हे तिने नंतर कबूल केलं.

तिकिटं मी काढली. पुणे ते दिल्ली एका कंपनीचं, दिल्ली ते श्रीनगर दुसऱ्या कंपनीचं, कारण असं केल्याने तिघांत मिळून अकराशे रुपये वाचत होते. हा आकडा लक्षात ठेवा. आमच्या घरात तो आजही कुणी विसरलेलं नाही.

आणि मग बर्फ पडेचना. काश्मिरात २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस 'चिल्लई कलान' असतो, म्हणजे थंडीचा मोठा मुक्काम. त्यानंतर वीस दिवसांचा 'चिल्लई खुर्द', शेवटी दहा दिवसांचा 'चिल्लई बच्चा'. आजोबा, वडील, नातू असा सगळा खटला. खरा टिकाऊ बर्फ आजोबांच्या कारकिर्दीत पडायचा. पण त्या वर्षी आजोबा नुसतेच खोकून गेले. हा बर्फ आणणारे पश्चिमी झंझावात पार भूमध्य समुद्राकडून येतात, हे मला याच काळात कळलं. त्यामुळे मी नकाशावर तुर्कस्तान, इराण असा त्यांचा माग काढू लागलो. मान्सून केरळला पोचल्याच्या बातमीची आपण वाट बघतो ना, तसं. झंझावात यायचे, लडाखच्या वरून निघून जायचे. पेपरांत गुलमर्गच्या ओसाड उतारांचे फोटो छापून आले. लोकांनी बुकिंगं रद्द केली.

आम्हीही करावीत का? लेक म्हणाली, थांबू. बायको म्हणाली, शाल काय बर्फातच मिळते का? मी विम्याचे कागद वाचायला घेतले. घरात ते पूर्ण वाचणारा मी एकटाच. बर्फ पडला नाही तर पैसे मिळतात का? नाही. पडला आणि पोहोचता आलं नाही तर? अमुक तास उशीर झाला तर मिळतात, पण स्वतःहून रद्द केलं तर नाही. स्की करताना हाड मोडलं तर? साहसी खेळांचा वेगळा हप्ता. बाकी सगळं 'ॲक्ट ऑफ गॉड'मध्ये, म्हणजे देवाची करणी. आपल्याकडे देवाच्या करणीने निदान नारळात पाणी तरी येतं.

जानेवारीच्या अगदी शेवटी मॅनेजरचा मेसेज आला. "सर, शुरू." खाली बाकावर बसलेल्या कावळ्याचा फोटो, आणि कावळ्याच्या पोटापर्यंत बर्फ. आम्ही तिघांनी अक्षरशः टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी आणखी पडला. तिसऱ्या दिवशी आणखी. मग माझ्या लक्षात आलं की आपलं विमान ४ फेब्रुवारीचं आहे आणि महिनाभर ज्याला हाका मारल्या तो आता थांबायचं नाव घेत नाहीये. बर्फ नसेल तर पोहोचून उपयोग नाही, आणि असेल तर पोहोचता येत नाही. हे इतकं साधं गणित सगळ्या नियोजनात कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं, मेहुण्यांच्यासुद्धा. बायकोने देवापुढे निरांजन लावलं आणि मागणं किंचित दुरुस्त केलं, "पडू दे, पण बेतानं."

४ तारखेला पुण्याहून विमान वेळेवर सुटलं. दिल्लीला वेळेवर उतरलं. तिथे दोन कंपन्यांची दोन तिकिटं, म्हणून सामान पट्ट्यावरून उचला, बाहेर पडा, टॅक्सी करून दुसऱ्या टर्मिनलला जा, पुन्हा रांग लावा, पुन्हा बॅगा द्या. बायकोने टॅक्सीवाल्याला पैसे देताना माझ्याकडे नुसतं पाहिलं.

विमान रद्द करायची एक रीत असते. आजारी नातेवाइकाची बातमी सांगतात तशी ती हप्त्याहप्त्याने सांगतात. आधी फलकावर पाऊण तास उशीर. मग दोन तास. दोन तासांनंतर खायला देतात, तसा एक कागदी कपातला उपमा मिळाला. त्यात गरम पाणी ओतून आठ मिनिटं झाकून ठेवायचं होतं. पाणी कोमट होतं, त्यामुळे आठ मिनिटांनीही रवा आपल्या मतावर ठाम. मग 'पुढील सूचनेपर्यंत'. आणि चारच्या सुमाराला फलकावर लाल अक्षरं. काउंटरवरच्या मुलीपुढे पन्नास माणसं एकदम ओरडत होती आणि ती प्रत्येकाला एकच शब्द सांगत होती, "वेदर, सर." नुकसानभरपाई? वेदर, सर. हॉटेल? वेदर, सर. पैसे परत घ्या किंवा उद्याच्या विमानात बसा, एवढंच तिच्या हातात होतं. श्रीनगरच्या धावपट्टीवर बर्फ साचला त्यात तिचा काय दोष? पण त्या क्षणी मला तीच चिल्लई कलान वाटत होती.

मेहुण्यांचा फोन आला. "जम्मूला ट्रेननं जा, पुढे रस्त्यानं. प्लॅन बी ठेवावा माणसानं." जम्मू-श्रीनगर रस्त्यावर पाऊस-बर्फ झाला की रामबनच्या पट्ट्यात डोंगर खाली येतो आणि मग बनिहालच्या दोन्ही अंगाला ट्रकांच्या रांगा लागतात. (कटऱ्याहून थेट श्रीनगरला जाणारी वंदे भारत पुढच्या वर्षी, जून २०२५ मध्ये सुरू झाली. तेव्हाही मेहुण्यांचा फोन आला, "मी म्हणालो नव्हतो?")

आमच्या शेजारी एक काश्मिरी आजोबा बसले होते. अंगात फेरन, म्हणजे काश्मिरी पायघोळ झगा, आणि निवांत. ते संत्रं सोलत होते आणि प्रत्येक फोडीचे पांढरे धागे काढून मांडीवरच्या रुमालावर ठेवत होते. मी त्यांना वैतागून विचारलं, "चाचा, कब खुलेगा?" ते म्हणाले, "जब खुलेगा, तब जाएँगे." आणि मग एक फोड माझ्या हातावर ठेवून म्हणाले, "शुक्र करो, गिरा. नहीं गिरता तो गर्मी में बाग़ को पानी कहाँ से देते?" त्यांची सफरचंदाची बाग होती. महिनाभर मी शेतकऱ्याची नक्कल करत होतो, आणि खरा शेतकरी शेजारी बसून संत्रं खात होता.

रात्रीचं हॉटेल चार हजार आठशे. "एकाच कंपनीचं तिकीट असतं," बायको दिवा मालवताना म्हणाली, "तर पुण्यातच सांगितलं असतं, घरी जाऊन झोपा." थोड्या वेळाने अंधारातून पुन्हा आवाज आला, "अकराशे."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही एकदाचे श्रीनगरला उतरलो आणि माझा फोन मेला. बाहेरच्या राज्याचं प्रीपेड सिम जम्मू-काश्मिरात चालत नाही, फक्त पोस्टपेड चालतं. हे मला माहीत होतं. पण माझं प्रीपेड आहे हे मी विसरलो होतो. बायकोचं पोस्टपेड. त्या क्षणापासून हॉटेल, टॅक्सी, हवामान, मेहुणे हे सगळे कारभार तिच्याकडे गेले आणि मी सामानाबरोबर मागच्या सीटवर गेलो.

गुलमर्गच्या पायथ्याशी टंगमर्ग. तिथून वरचे तेरा किलोमीटर बर्फात साध्या गाडीला सोडत नाहीत. चाकांना साखळ्या लावलेली जीप करावी लागते. तिथेच भाड्याने गमबूट आणि लांब कोट मिळतात. माझ्या वाट्याला आलेल्या कोटाने बहुधा अनेक राज्यांचे घाम पाहिले असावेत. खिशात कुणाची तरी अर्धी खाकऱ्याची पुडी निघाली. जीप वळणावर मागे सरकली की साखळी खणखणायची आणि बायको "श्रीराम जयराम" मोठ्याने म्हणायची. ड्रायव्हर शांतपणे गाणं म्हणत होता.

कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही हजार मीटर उंचावर आहे गुलमर्ग. वर पोचल्यावर मी पहिल्यांदा बर्फात पाय टाकला. कर्रर आवाज आला. चुलीवरचा पापड मोडतो तसा. बाकी शब्द मला आजही सुचत नाहीत.

मग बूट आले. स्कीचा बूट म्हणजे चप्पल-बूट या जातीतली वस्तूच नव्हे. प्लास्टिकची टाकी आहे ती, नडगीपर्यंत, पुढे चार खटके. खटके आवळले की घोटा हलत नाही, गुडघे आपोआप पुढे वाकतात आणि माणूस सतत कुणाच्या तरी पाया पडायच्या बेतात दिसतो. त्या अवस्थेत पट्ट्या खांद्यावर घेऊन शंभर पावलं चाललो. मागून एक स्लेजवाला येत होता. "साहब, बैठ जाओ, थक जाओगे." मी बाणेदारपणे नाही म्हणालो. तो गेला नाही. त्याला अनुभव होता.

शिकवणारा पोरगा विशीतला. थांबायचं कसं, तर पट्ट्यांची पुढची टोकं जवळ आणायची, मागची फाकवायची. "पिज़्ज़ा बनाओ सर, पिज़्ज़ा!" मला घसरताना पिझ्झा काही आठवेना. शेवटी मी मनात चतकोर भाकरी धरली आणि पाय बरोबर वळले. पंधरा फूट मी एकटा, उभा, स्वतःच्या मर्जीने घसरलो. मग मर्जी संपली, उतार संपला नव्हता. समोर जळगावचं एक नवं जोडपं सेल्फी काढत होतं. मी भाकरी, पिझ्झा, वडापाव सगळं आठवून पाहिलं. शेवटी कुल्ले टेकले. जोडप्याच्या फोटोत मी मागे आडवा आलोय, म्हणजे तसं त्यांनी सांगितलं. परतीला स्लेजवाल्याने एक शब्द न बोलता दोरी पुढे केली. मी एक शब्द न बोलता बसलो.

लेक मात्र दुसऱ्या दिवसापासून सुसाट. तिला गोंडोलाच्या, म्हणजे तिथल्या रोपवेच्या, दुसऱ्या टप्प्याने अफरवटच्या डोंगरावर जायचं होतं, चार हजार मीटरच्या जवळ. पण ताजा बर्फ आणि वारा, त्यामुळे फेज टू बंद. मंगळवारी बंद, बुधवारी बंद, गुरुवारी खिडकीतला माणूस आम्हाला बघूनच मान हलवायला लागला. तिने चिडून बाकरवडीची अख्खी पुडी शिकवणाऱ्या पोराला देऊन टाकली. त्याने त्या बदल्यात आम्हाला कहवा पाजला आणि विचारलं, हे मिठाईच्या दुकानात मिळतं की बेकरीत? पुण्यातल्या माणसाला हा प्रश्न विचारू नये. अर्धा तास गेला.

शुक्रवारी सकाळी मी पहिल्यांदाच मनापासून म्हणालो, पडू दे, भरपूर पडू दे, बंद होऊ दे विमानतळ. आभाळ निळंशार. श्रीनगरला बॅगा चार वेळा तपासल्या, विमानापाशी आपापली बॅग ओळखायला लावली, शालींचं गाठोडं सोडून पुन्हा बांधलं, आणि विमान मिनिटाचाही उशीर न करता सुटलं.

दिल्लीला उतरताच माझा फोन जिवंत झाला. चार दिवसांचे मेसेज एकदम कोसळले. मेहुण्यांचे एकोणीस, त्यातला पहिला सोमवारचा, "निघू नका, तिथे फार बर्फ आहे." सोसायटीच्या पाण्याच्या टँकरचे सहा. आणि सगळ्यांच्या वर नुकताच आलेला, मॅनेजरचा. फोटोत लख्ख ऊन, पांढराशुभ्र अफरवट, वर जाणारा गोंडोला.

"सर, आज फेज टू खुल गया. आप लोग कहाँ हैं?"