‘द डे टुडे’ शिळा झाला का? एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया लांब आणि रोखठोक आहे, त्यामुळे ‘धन्यवाद’ म्हणून बोळवण करत नाही. ‘द डे टुडे’ या ब्रिटिश विनोदी मालिकेवरच्या माझ्या लेखात ‘आजही तितकाच ताजा’ असं लिहिलं होतं, ते तुम्हाला भाबडं वाटलं. तुमचं म्हणणं असं, की अर्धे विनोद कळत नाहीत, आणि जे कळतात त्यांचं हसू येत नाही, कारण आपल्या वृत्तवाहिन्या रोज संध्याकाळी याहून मोठा तमाशा फुकटात दाखवतात.

‘तितकाच ताजा’ हे शब्द मागे घेतो. बाकीच्याबद्दल मात्र भांडायचं आहे.

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: बीबीसी टू, जानेवारी-फेब्रुवारी १९९४, अर्ध्या तासाचे फक्त सहा भाग. कर्तेधर्ते ख्रिस मॉरिस आणि आर्मांडो इयानुची. मुळात हा प्रकार बीबीसीच्याच रेडिओ ४ वर ‘ऑन द अवर’ नावाने १९९१-९२ मध्ये झाला होता. संपूर्ण कार्यक्रम म्हणजे एक खोटं बातमीपत्र. मॉरिस निवेदक, बाकीचे वार्ताहर. प्रेक्षकांच्या हशाची फीत कुठेही नाही.

न कळणाऱ्या विनोदांबद्दल तुमचं खरं आहे, पण त्याचं कारण तपासण्यासारखं आहे. तुम्ही हेलियमच्या प्रसंगाचं उदाहरण दिलंत: उत्तर आयर्लंड ब्रिटनपासून तोडू पाहणाऱ्या शिन फेन पक्षाचा नेता मुलाखत देताना हेलियम हुंगून चिरक्या आवाजात बोलतो, ‘यात काय विनोद?’ ब्रिटिश सरकारने ऑक्टोबर १९८८ मध्ये शिन फेन आणि इतर काही संघटनांच्या प्रतिनिधींचा आवाज प्रसारित करायला बंदी घातली होती. चेहरा दाखवायला मुभा, आवाजाला नाही. मग वाहिन्यांनी पळवाट काढली: नेत्याचे ओठ हलतायत आणि त्याचेच शब्द कुणीतरी नट बोलतोय. वर्षानुवर्षं हे सगळं गंभीर चेहऱ्याने चाललं. मॉरिसच्या मंडळींनी नियम तोच ठेवला, फक्त एक पायरी पुढे नेला: आता सरकारी नियमानुसार त्या माणसाने हेलियम घेऊनच बोलायचं, म्हणजे त्याच्या म्हणण्याचं वजन कमी होईल. ही बंदी सप्टेंबर १९९४ मध्ये उठली. प्रसारणानंतर सात-आठ महिन्यांत विनोदाखालची जमीनच गेली. तुम्ही ज्याला शिळं म्हणताय ते मालिका चालू होती त्याच वर्षी शिळं झालं होतं. असे विनोद तळटीप देऊन समजतात, पण तळटीप वाचून कुणी हसत नाही, हेही खरं.

आता आपल्या वाहिन्यांच्या तमाशाबद्दलच्या आक्षेपाकडे येतो. ‘वास्तवाने विडंबनाला मागे टाकलं’ हे वाक्य या मालिकेबद्दल इंग्लंडातही इतक्यांदा म्हटलं गेलंय की ते गुळगुळीत झालंय. माझ्या मते त्यात निदान चुकतं. आपल्या वाहिन्यांवर ग्राफिक्स भडक असतात, निवेदक ओरडतो, मागे ढोल वाजतात, हे सगळं मान्य. पण ‘द डे टुडे’चा निवेदक ओरडण्यावर जगत नाही. सूट नीट, आवाज खालच्या पट्टीत, वाक्यातले आघात अचूक. तो सहाही भागांत एकदाही प्रेक्षकांकडे डोळा मिचकावत नाही.

हे चालत होतं, कारण तेव्हाच्या ब्रिटनमध्ये निवेदकाला वजन होतं. घरोघरी दिसणाऱ्या वाहिन्या चार (पाचवी आली १९९७ मध्ये), नऊला बीबीसी वनच्या बातम्या, दहाला आयटीव्हीच्या. १९९३ मध्ये बीबीसीने बातम्यांचा चेहरामोहरा बदलला, संगणकावर घडवलेला भपकेबाज स्टुडिओ आणला. बातमीपेक्षा तिची चौकट मोठी होऊ लागली होती, पण लोकांचा विश्वास अजून शाबूत होता. विडंबनाला नेमकी हीच फट लागते. म्हणून या मंडळींनी ग्राफिक्स नकली बनवले नाहीत. आयटीव्हीला बातम्या पुरवणाऱ्या आयटीएनसाठी काम करणाऱ्या डिझायनरांकडूनच करून घेतले. पृथ्वीचे गोल फिरतायत, अक्षरं उसळतायत, संगीत चढतंय, आणि शेवटी हाती काहीच नाही. तुम्ही मोबाईलवर पाहिलंत, त्यामुळे ही कारागिरी अंगठ्याएवढी झाली असणार.

आजचा प्रेक्षक निवेदकावर मुळातच विश्वास ठेवत नाही. तेव्हा निवेदक मूर्खपणा करतो यात त्याला धक्का बसत नाही. जी प्रतिष्ठा खाली ओढायची ती आधीच जमिनीवर बसलेली आहे. मालिका म्हातारी झाली ती इथे.

हे मराठीत तपासून बघा. ‘मंत्र्यांच्या वक्तव्याला तडा; डागडुजीसाठी सिमेंट रवाना.’ (उदाहरण माझं, दोष मॉरिसला देऊ नका.) आजच्या वाहिनीवरच्या सुरात वाचलंत तर ते फक्त आणखी एक विचित्र शीर्षक. तेच आकाशवाणीच्या संथ, स्वच्छ सुरात, ‘सिमेंट’नंतर किंचित थांबून वाचलंत तर गंमत दिसते. व्याकरण बिनचूक, सूर बिनचूक, फक्त अर्थ पळालेला. मॉरिसच्या शीर्षकांची घडण हीच आहे. शब्दशः मराठीत आणली की मरतात, कारण विनोद शब्दांत कमी आणि आघातांत जास्त आहे.

आता जे टिकलंय त्याबद्दल. हाँगकाँग आणि ऑस्ट्रेलिया यांच्यातल्या व्यापार कराराची बातमी. दोन्हीकडचे प्रतिनिधी उपग्रहावरून खुशीत बोलतायत. मॉरिस एकाला टोचतो, मग दुसऱ्याला, शब्दाला शब्द वाढवतो, आणि काही मिनिटांत युद्ध जाहीर. त्याला झालेला आनंद बघा! लगेच स्टुडिओचा नूर पालटतो, युद्धाचे ग्राफिक्स जणू तयारच होते, आणि ‘ऑस्ट्रेलिया-हाँगकाँग सीमेवरून’ थेट वार्तांकन सुरू. अशी सीमा नकाशावर कुठेच नाही. संदर्भ जुने आहेत, हाँगकाँग तेव्हा ब्रिटिश वसाहत होती, १९९१ च्या आखाती युद्धाचं थेट प्रक्षेपण लोकांच्या डोळ्यांपुढे ताजं होतं. पण हा प्रसंग समजायला यातलं काहीच लागत नाही. इथे विडंबन बातमीचं नाही, तिच्या भुकेचं आहे, आणि चर्चेत दोन पाहुण्यांची झुंज लावणारा सूत्रसंचालक तुम्हाला नवा नसावा.

तसाच मालिकेतला वार्ताहर पीटर ओहॅनराहॅनराहन. जर्मन मंत्र्याशी बोलल्याची थाप मारतो, मॉरिस विचारतो ‘जर्मनमध्ये नेमकं काय म्हणाले?’, आणि तो ‘इश निश्टन लिश्टन’ असलं काहीतरी पुटपुटतो. गृहपाठ न केलेला पोरगा मास्तरांपुढे उभा राहिल्यावर जे होतं तेच. याला वय नाही.

ॲलन पार्ट्रिजचं प्रकरण निराळं. स्टीव्ह कूगनचा हा क्रीडा-वार्ताहर १९९१ च्या रेडिओ कार्यक्रमात जन्मला आणि २०१९ मध्येही बीबीसीवर नवी मालिका करत होता. बाकी सगळे एका कार्यक्रमशैलीचे नमुने होते, शैली गेली की गेले. पार्ट्रिज हा माणूस आहे, तो नटाबरोबर म्हातारा होतो, नोकरी गमावतो, पुन्हा मिळवतो.

‘मग “ब्रास आय” तर याहून वाईट म्हातारा झाला असेल’ असं तुम्ही जाता जाता म्हटलंत. वाईट नाही, वेगळा. मॉरिसच्या १९९७ च्या त्या मालिकेत खऱ्या प्रसिद्ध लोकांना फसवून खोट्या मोहिमांसाठी बोलायला लावलं जायचं. ‘केक’ नावाच्या अस्तित्वातच नसलेल्या अमली पदार्थाबद्दल डेव्हिड ॲमेस या खासदाराने १९९६ मध्ये थेट संसदेत प्रश्न विचारला. ॲमेस यांची ऑक्टोबर २०२१ मध्ये, मतदारांना भेटत असताना हत्या झाली. तो प्रसंग आज पाहताना हसू अर्ध्यावर अडकतं, आणि ते लेखनाच्या वयामुळे नाही.

पुन्हा पाहणार असाल तर क्रम बदला. आधी १९९३-९४ मधलं एखादं खरं ब्रिटिश बातमीपत्र दहा मिनिटं बघा. नुसता सूर कानात बसला तरी पुरे. मग युद्धाचा प्रसंग, मग पहिला भाग सलग. मोठा पडदा, इंग्रजी सबटायटल्स चालू, आणि एका बैठकीत एकच भाग. मजकूर इतका दाट आहे की दुसऱ्या भागापर्यंत कान बधिर होतो; दोन भाग एका दमात पाहिल्यामुळेच तुम्हाला कंटाळा आला असण्याची दाट शक्यता आहे. कोलाटर्ली सिस्टर्स नावाच्या वार्ताहर बाईच्या अर्थविषयक बातम्यांत चित्र थांबवून तक्ते वाचा. चलनाची स्थिती ‘करन्सी किडनी’वर, म्हणजे मूत्रपिंडावर दाखवलेली सापडेल. ‘रॉक टीव्ही’चे, म्हणजे संगीतवाहिनीच्या विडंबनाचे, तुकडे खुशाल पुढे ढकला, ते तेव्हाच्या एमटीव्हीसोबतच संपले.

मूळ लेखातलं वाक्य बदललं आहे. आता तिथे ‘सहा भागांतला निम्मा मजकूर अजून चालतो’ असं आहे. ‘निम्मा’वर तुमचा आक्षेप असेल तर कोणता निम्मा, तेही कळवा.