योग अधिक पिलाटेस, वजा डोकं

गेल्या रविवारी सकाळी ठाण्यात नौपाड्याला मावशीकडे गेले, तर दार उघडायला बराच वेळ लागला. उघडलं तेव्हा तिचा एक हात कमरेवर आणि केस कपाळाला चिकटलेले. हॉलमधला टीपॉय भिंतीला सरकवलेला, सोफ्याची गादी जमिनीवर, आणि गव्हाच्या डब्याला टेकवून उभा केलेला फोन. फोनवर कार्टूनमधली एक बारीक बाई पाय सरळ ठेवून आडवी पडत होती, उठत होती, पायाची बोटं धरत होती, परत पडत होती.

"काही नाही गं, रोलअप चाललंय. पाठीत जरा चमक भरली एवढंच."

मावशीच्या तोंडून ‘रोलअप’ ऐकून आधी मला हसूच आलं. मग आठवलं, दिवाळीनंतर मीच तिला हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीला नेलं होतं. मणक्याचा टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण हाडांच्या तुलनेतला आकडा, उणे 2.8. उणे 2.5 किंवा त्याच्या खाली गेलं की त्याला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. हाडं ठिसूळ झालेली 68 वर्षांची बाई पाठीची कमान पुढे मोडून मोजून तीस वेळा उठत होती. कुणी सांगितलं? भिशीच्या ग्रुपवर आलं.

तो मेसेज तुम्हालाही आला असेल. पिवळ्या अक्षरांत ‘योग + पिलाटेस, घरच्या घरी 20 मिनिटं’ (पिलाटेस म्हणजे पोट-पाठीचे स्नायू बळकट करणारी परदेशी व्यायामपद्धत, मावशीचं ‘रोलअप’ त्यातलंच), आणि खाली सहा मुद्दे. एक, पिलाटेस हा आपलाच योग, एका जर्मन माणसाने भारतात राहून चोरलेला. दोन, दोन्ही एकत्र केले की 21 दिवसांत पोटाचा घेर 4 इंच कमी. तीन, मग चालायला जायची गरज नाही. चार, हाडं ठिसूळ असोत की मणक्यात गॅप, रोज 30 रोलअप, पश्चिमोत्तानासन आणि हलासन करा, तीन महिन्यांत हाडं दगडासारखी आणि गोळ्या बंद. पाच, पोट आत ओढून श्वास रोखून धरा. सहा, दुखलं तर थांबू नका, दुखणं म्हणजे शरीरातलं विष बाहेर पडतंय. शेवटी नेहमीप्रमाणे, दहा जणांना पाठवा.

बाकीचे पाच थांबतील. चौथा आधी घेते, कारण तो वाचून माणसं जायबंदी होऊ शकतात.

पाठीचा कणा म्हणजे एकावर एक रचलेल्या डब्या, एकेक डबी म्हणजे एकेक मणका. प्रत्येक डबीच्या आत हाड असतं ते स्पंजासारखं, जाळीदार. ऑस्टिओपोरोसिसमध्ये ही जाळीच विरळ होते. आपण कमरेतून पुढे गोल वाकलो की सगळा दाब डबीच्या पुढच्या कडेवर येतो. जाळी विरळ असेल तर ती कड चेपते, मागची बाजू तशीच राहते आणि चौकोनी डबीची पाचर होते. अशा दोन-तीन पाचरी झाल्या की उंची कमी होते, पाठीला पोक येतं. आजी म्हातारी झाली म्हणून वाकली असं आपण म्हणतो, तिथे पुष्कळदा हे चेपलेले मणके असतात. आणि यातली कितीतरी फ्रॅक्चर कळतही नाहीत. ‘चमक भरली’, ‘उसण भरली’ म्हणून तेल लावून शेकलं की विषय संपला.

आता रोलअपकडे बघा. आडवं पडून एकेक मणका जमिनीवरून उचलत पुढे गोल व्हायचं. पश्चिमोत्तानासन, बसून पुढे वाकणं. हलासन, उताणं पडून पाय डोक्यामागे नेत मान आणि वरची पाठ दुमडून त्यावर अंगाचं वजन. शेकडो आसनं आणि पिलाटेसचे सगळे प्रकार हाताशी असताना मेसेज लिहिणाऱ्याने ठिसूळ हाडांसाठी नेमके हे तीन निवडले. नेम धरून निवडावेत तसे.

हे मी मनाने म्हणत नाही. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉ. सिनाकी आणि मिकेलसन यांनी केलेला अभ्यास 1984 साली प्रसिद्ध झाला. पाळी गेलेल्या, मणक्याचा ऑस्टिओपोरोसिस असलेल्या 59 बायका. काहींना पाठ मागे नेण्याचे व्यायाम दिले, काहींना पुढे वाकण्याचे, काहींना दोन्ही, काहींना काहीच नाही. पुढची काही वर्षं एक्स-रे काढून पाहिलं. मागे नेण्याचे व्यायाम करणाऱ्या 25 जणींपैकी 4 जणींचे मणके नव्याने चेपले. काहीच न करणाऱ्या 6 पैकी 4. दोन्ही प्रकार करणाऱ्या 19 पैकी 10. आणि फक्त पुढे वाकणाऱ्या 9 पैकी 8.

परत वाचा. सोफ्यावर बसून मालिका बघणाऱ्यांपेक्षा पुढे वाकण्याचा व्यायाम नेमाने करणाऱ्यांची अवस्था वाईट होती.

अभ्यास जुना आहे, 9 बायका म्हणजे काही फार नाहीत, हे मलाही दिसतं. पण सिनाकींनीच पुढे 2013 मध्ये आणखी तीन रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. हाडं विरळ झालेली आणि योगातल्या पुढे वाकण्याच्या स्थितींनंतर मणक्याचं फ्रॅक्चर. समोर एवढं दिसत असताना माझ्या मावशीच्या पाठीवर प्रयोग करून बघायची मला तरी हौस नाही.

आणि गोळ्या बंद? मावशीने केल्या नव्हत्या हे नशीब. तिची हाडांची गोळी आठवड्यातून एकदा असते, रविवारी, अनशापोटी, ग्लासभर पाण्याबरोबर. त्यानंतर निदान अर्धा तास आडवं पडायचं नाही, कारण गोळी अन्ननलिकेत रेंगाळली तर तिथे जखम करते. मी विचारलं, आज गोळी घेतलीस? म्हणाली, हो, घेतली आणि लगेच व्यायामाला लागले, तेवढाच अर्धा तास सत्कारणी. म्हणजे गोळी पोटात जायच्या आत बाई गादीवर आडवी. त्या मेसेजचा कर्ता तेव्हा समोर असता तर लाटणं स्वयंपाकघरात होतं, लांब नव्हतं.

(दुसऱ्या दिवशी एक्स-रे काढला. मणके शाबूत आहेत, स्नायू आखडलाय. डॉक्टर मावशीला काही बोलले नाहीत, मला बोलले.)

श्वास रोखण्याचं प्रकरणही असंच. योगवर्गात शिकवतात तो श्वास नाकाने, पोट सैल सोडून. पिलाटेसमध्ये पोट आवळलेलं असतं म्हणून श्वास बरगड्यांच्या बाजूंना आणि पाठीकडे भरायचा आणि जोर लावताना सोडायचा. दोन्हीकडे श्वास चालू असतो! मेसेजने दोन्हींचं मिश्रण करून तिसरंच काढलं, पोट आवळा आणि श्वास बंद. श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब तेवढ्यापुरता सणकन चढतो. म्हणून तर बीपी असलेल्यांना कुंभक करू नका असं कुठलाही जबाबदार योगशिक्षक सांगतो. भिशीच्या त्या ग्रुपवर बारा जणी आहेत, बीपीची गोळी न घेणारी त्यात एखादीच असेल.

‘दुखलं तर थांबू नका’ यावर काय बोलायचं. घामात पाणी आणि मीठ असतं, विषाचं काम यकृत आणि मूत्रपिंडं बघतात. स्नायू ताणल्याची ओढ वेगळी आणि कळ वेगळी, हे मावशीला माझ्यापेक्षा जास्त कळतं. ती पूर्वी घंटाळीच्या योगवर्गाला जायची, तेव्हाचं ‘सुखावह वाटेल तिथे थांबा’ हे वाक्य तिला अजून पाठ आहे. तरी मेसेज आला की ते पाठांतर कुठे जातं, देव जाणे. "पण त्यात डॉक्टरांचं नाव होतं गं," म्हणाली. नाव नव्हतं. ‘पुण्यातील एक नामवंत डॉक्टर’ असं होतं.

आता चोरीचा आरोप. योझेफ पिलाटेस 1883 मध्ये जर्मनीतल्या म्योन्शनग्लाडबाखला जन्मला. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये होता, जर्मन म्हणून त्याला धरून आइल ऑफ मॅन बेटावरच्या छावणीत ठेवलं. 1926 मध्ये न्यूयॉर्कला गेला, तिथे व्यायामशाळा काढली आणि 1967 मध्ये तिथेच वारला. आपल्या पद्धतीला तो ‘कंट्रोलॉजी’ म्हणायचा. 1945 च्या त्याच्या पुस्तकात जमिनीवर करायचे 34 व्यायाम आहेत. या सगळ्या प्रवासात भारत कुठे आला ते मेसेजवाल्यालाच ठाऊक.

अर्धं खरं मात्र आहे, नाइलाजाने कबूल करते. त्याने योगातून काही उचललं असं सांगितलं जातं, आणि त्याचा ‘रोलओव्हर’ आपल्या हलासनाशेजारी ठेवला तर सख्ख्या बहिणी वाटतात. पण मग उलटी बाजूही बघा. घराघरात सूर्यनमस्कार नेण्यात ज्यांचा मोठा वाटा, ते औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी त्याआधी सँडोच्या पद्धतीने व्यायाम करत. हा सँडो युरोपातला पहिलवान, तोही जन्माने जर्मनच. मग आपणही चोर का? व्यायामाचे प्रकार असे इकडून तिकडे जातच असतात. आणि मुळात ‘आपलंच आहे’ म्हणून ते मावशीच्या मणक्याला चालेल, हे कुठलं तर्कशास्त्र?

21 दिवसांत 4 इंच यावर शाई घालवत नाही. पोटाचे व्यायाम केल्याने पोटाचे स्नायू घट्ट होतात, त्यावरची चरबी तिथल्या तिथे जात नाही. भिशीला मामलेदारची मिसळ मागवायची आणि सकाळी रोलअप करायचे, एवढ्याने तर नाहीच.

चालण्याचा मुद्दा मात्र मला झोंबला, कारण मावशीने खरंच चालणं सोडलं होतं. रोज तलावपाळीला तीन फेऱ्या मारायची, ओळखीच्या चार बायका भेटायच्या, ऊन अंगावर यायचं. जागतिक आरोग्य संघटनेचं 2020 चं मार्गदर्शन सांगतं, आठवड्याला 150 ते 300 मिनिटं दम लागेल इतपत हालचाल, शिवाय निदान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम. 65 च्या पुढे आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचे आणि ताकदीचे व्यायाम. सतरंजीवर सावकाश केलेली आसनं आणि पिलाटेस ताकदीच्या, तोलाच्या खात्यात जमा होतील. दम लागण्याचं खातं बहुतेकदा रिकामंच राहतं. पावसाळ्यात पेव्हर ब्लॉक उचकटलेल्या फुटपाथवर मावशीने जाऊ नये, हे मान्य. तेव्हा घरातच फेऱ्या मारायच्या.

एवढं सगळं म्हटल्यावर कुणाला वाटेल मी दोन्हींच्या विरोधात आहे. मी स्वतः दोन्ही करते, वसंत विहारच्या आमच्या घरात, कपाट आणि पलंगाच्या मधल्या सहा फुटांत. रोलअपही करते, माझी हाडं अजून धड आहेत म्हणून. पिलाटेसने मला एक गोष्ट शिकवली जी दहा वर्षं योग करून कळली नव्हती, ती म्हणजे ओटीपोट आणि माकडहाडाकडचा भाग स्थिर ठेवून हात-पाय हलवणं. त्यामुळे वीरभद्रासनात माझी कंबर कलायची ती थांबली. उलट पिलाटेसच्या मोजून-मापून केलेल्या हालचालींनंतर शवासनात पाच मिनिटं पडणं हे सुख त्या जर्मनाच्या 34 व्यायामांत नाही. कंबरदुखीसाठी पिलाटेसवरच्या दहा चाचण्यांचा, कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेचा 2015 चा आढावाही एवढंच म्हणतो, काहीच न करण्यापेक्षा बरं, पण इतर व्यायामांपेक्षा सरस आहे असं काही ठामपणे दिसत नाही. म्हणजे जे आवडेल आणि टिकेल ते करा. चमत्कार नाही.

मावशीच्या डॉक्टरांनी फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं आणि तिने मावशीपुरती यादी करून दिली. दुखणं थांबल्यावर सुरू करायची. सोफ्याची गादी परत सोफ्यावर, कारण मऊ गादीत कंबर रुतते, जमिनीवर दुहेरी सतरंजी हवी. पाठ मागे नेणारं भुजंगासन, तेही छाती वीतभर उचलण्यापुरतं. सेतुबंधासन, पाठ सपाट ठेवून, खाली येताना एकेक मणका टेकवण्याचा पिलाटेसचा थाट न करता. गुडघे-हातांवर येऊन उजवा हात आणि डावा पाय लांबवायचा, मग उलट. कुशीवर पडून वरचा पाय उचलायचा. ओट्याला धरून वृक्षासन. उठताना आधी कुशीवर वळायचं, मग हाताने रेटून बसायचं, सरळ पुढे उठायचं नाही. चप्पल, वर्तमानपत्र, खाली पडलेला चमचा, काहीही उचलायचं तर गुडघ्यात वाकायचं. मोजताना मोठ्याने मोजायचं, म्हणजे श्वास कोंडला जात नाही.

मावशीने यादी दोनदा वाचली. यात पिलाटेस कुठलं आणि योग कुठला, विचारलं. मी म्हटलं, तुझ्या मणक्याला ते कळत नाही. तर म्हणाली, गुरुवारी भिशी माझ्याकडे आहे, निम्म्या जणींना हाडांची गोळी चालू आहे. तू जे काय मघापासून तावातावाने बोलते आहेस ते नीट लिहून छापून आण. "आणि अक्षर मोठं ठेव, चष्मे घरी विसरतात सगळ्या."