पॉकेटमधलं पोर

टार्नीटला वाणसामानाच्या दुकानाबाहेर एक बुटका कठडा आहे. मेलबर्नमधला आमचा कट्टा तो हाच. प्रशांतचा मुलगा फुटी, म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल खेळतो. शनिवारी प्रशांत तिथे आला तोच धुमसत.

"पोरगं पळण्यात सगळ्यांच्या पुढे, आणि कोचने टाकलं कुठे? फॉरवर्ड पॉकेटमध्ये, गोलच्या बाजूच्या कोपऱ्यात! का, तर उंची कमी. म्हणजे बाजूलाच बसवलं की!"

"मग एडी बेट्सला सतरा सीझन बाजूलाच बसवलं म्हणायचं," मुग्धा म्हणाली. एडी म्हणजे कार्लटन आणि ॲडलेड क्रोज या क्लबांकडून खेळलेला, याच जागेवरचा नावाजलेला खेळाडू.

प्रशांतने फोन काढला. "मिडफिल्डरच्या हाताला सामन्यात तीस वेळा चेंडू लागतो. पॉकेटवाल्याच्या दहा-बारा वेळा. सीझनमधल्या सर्वोत्तम खेळाडूचं ब्राउनलो मेडल कुणाला मिळतं? हिशेब सरळ आहे."

प्रशांत सगळंच मोजतो. आमच्याकडे जेवायला आला की पोळ्यासुद्धा मोजतो, आणि त्याही माझ्या.

"मग हेही मोज," मिलिंद म्हणाला. व्हिसासाठी तो चार वर्षं ॲडलेडला राहिला. व्हिसा मिळाला तसा इकडे आला, पण क्रोज काही सुटले नाहीत. "एडीचे आमच्याकडून 132 सामने, 310 गोल. एकट्या 2016 मध्ये 75. गोलचे सहा पॉइंट असतात, गुणाकार तूच कर."

"तुमच्याकडून? तू तेव्हा पुण्यात होतास!"

मुग्धा सांगलीला कबड्डी खेळायची, उजवा कोपरा सांभाळायची. तिला हे सगळं आतून कळतं. "उंच गडी मार्कसाठी, म्हणजे हवेतला चेंडू झेलायला उडी मारतो, फोटो त्याचा येतो. त्याच्या पायाशी चेंडू सांडला की तो टिपायचा छोट्याने. आणि समोरच्याने उचललाच, तर त्याला तिथल्या तिथे पाडायचं, बाहेर निघू द्यायचं नाही. कोपऱ्यातल्याला चेंडू कुणी आणून देत नाही रे, तो काढावा लागतो."

ॲडलेड ओव्हलच्या एका कोपऱ्याला लोक 'एडीज पॉकेट' म्हणतात. तिथून मधल्या दोन खांबांमधली 6.4 मीटरची जागा फटीएवढी दिसते. पाठ गोलकडे, अंगावर एक जण, पाय जवळजवळ रेषेवर, आणि चेंडू वळून आत. वर्षातल्या सर्वोत्तम गोलचा मान, 'गोल ऑफ द इयर', एडीने चारदा घेतला: 2006, 2015, 2016 आणि 2019.

"जादू आहे ती," प्रशांत म्हणाला. "जादूच्या भरवशावर पोराचं करिअर होत नाही."

"जादू म्हटलं की मेहनत मोजावी लागत नाही, तेवढीच तुझी सोय," मुग्धा म्हणाली. "174 सेंटीमीटरचा पोरगा, क्लब नवे खेळाडू निवडतात त्या नॅशनल ड्राफ्टमध्ये कुणी घेतला नाही, प्री-सीझन ड्राफ्टमधून कार्लटनने उचलला. तिथून 350 सामने. ते काय मंत्र म्हणून झाले?"

त्या वळणाऱ्या किकला मेलबर्नमध्ये बनाना म्हणतात. आणि 2016 मध्ये पोर्ट ॲडलेडविरुद्ध खेळताना याच माणसाच्या दिशेने प्रेक्षकांतून खरंखुरं केळं भिरकावलं गेलं. आदिवासी खेळाडूच्या अंगावर केळं. हा विषय निघाला की आम्ही सगळेच थोडा वेळ गप्प होतो.

मिलिंदला त्याहून खुपतो तो क्रोजने खेळाडूंसाठी घेतलेला 2018 चा कॅम्प. विश्वासाने सांगितलेल्या खासगी गोष्टी तिथे आपल्याच अंगावर फेकल्या गेल्या, असं एडीने 2022 मध्ये आत्मचरित्रात लिहिलं. त्यानंतर कुठे क्लबने माफी मागितली. चार वर्षं! मला अजून राग येतो. ज्याच्या नावाने लोक मैदानाचा कोपरा ओळखतात, त्याला आपल्याच माणसांत इतकं एकटं पडावं लागलं.

"ते वाईटच," प्रशांत हळू आवाजात म्हणाला. पण हिशेब सुटेना. "तरी एडीला प्रीमियरशिप, म्हणजे विजेतेपद, एकही नाही. 2017 ची ग्रँड फायनल रिचमंडने क्रोजविरुद्ध 48 पॉइंटनी मारली."

"मग तुझ्या तीस-तीस वेळा चेंडू हाताळणाऱ्यांना विचार, ते त्या दिवशी काय करत होते," मुग्धा म्हणाली.

"आणि मिलिंद, त्या फायनलच्या पैजेची मिसळ बाकी आहे," प्रशांत म्हणाला.

"पाव किती झाले असतील, ते मोजून ठेवलंय ना?" मिलिंद म्हणाला.

"ते राहू दे," मुग्धाने विचारलं. "पोरगं काय म्हणतंय?"

प्रशांतने फोन खिशात घातला. "ते खूश आहे. आज दोन गोल मारले. एक रेषेवरून, वळवून."

"आणि हे तू आत्ता सांगतोयस?"

आम्ही इतके हसलो की दुकानदार बघायला बाहेर आला. मिसळ मात्र प्रशांतनेच द्यायची असं ठरलं.