‘एज ऑफ एम्पायर्स ४’बद्दल फिरणाऱ्या मेसेजचा खुलासा

‘एज ऑफ एम्पायर्स’ हा वस्ती वसवून, सैन्य उभारून लढायचा कॉम्प्युटर गेम. त्याबद्दल जळगाव-भुसावळकडच्या गेमिंग ग्रुपांमध्ये एक मेसेज फिरतोय: ‘चौथा भाग म्हणजे दुसराच, फक्त रंगरंगोटी. बठ्ठं तेच शे. नवीन काय, तर भारत पहिल्यांदा आलाय.’ यातली दोन्ही विधानं चूक आहेत.

आधी भारताचं. तिसऱ्या भागाच्या २००७ च्या विस्तारातच (जोड-भागातच) भारतीय बाजू, म्हणजे खेळाडूने निवडायचं राज्य, होती. दुसऱ्यात ती २०१३ मध्ये आली आणि २०२२ मध्ये बंगाली, द्रविड, गुर्जर अशी वेगळीही झाली. चौथ्यात (२०२१) दिल्ली सल्तनत आहे. थाळनेर-बुऱ्हाणपूरच्या फारुकींना, म्हणजे आपल्या खानदेशच्या सुलतानांना, कोणीच विचारलं नाही, ते जाऊ द्या!

आता ‘रंगरंगोटी’. युगांची (खेळातल्या प्रगतीच्या टप्प्यांची) नावं आणि २०० लोकसंख्येची मर्यादा दुसऱ्यासारखीच आहे, हे कबूल. पण दुसऱ्यात बटण दाबलं की पुढचं युग. चौथ्यात बहुतेक बाजूंना दोन वास्तूंपैकी एक निवडून गावकऱ्यांकडून बांधून घ्यावी लागते, आणि त्या निवडीवर पुढचा सगळा डाव फिरतो. दगडी तटावर सैनिक चढतात. दुसऱ्यातल्या बाजू बऱ्याचशा एकाच साच्यातल्या. इथे मंगोल घरं न बांधता अख्खी वस्ती उचलून दुसरीकडे नेतात. दिल्लीला संशोधन फुकट पण संथ. मशिदीत विद्वान बसवले की वेग वाढतो.

बाजू मात्र सुरुवातीला आठच होत्या, दुसऱ्यात तेरा. तिसऱ्यातली, कार्डं निवडून मायदेशाहून मागवायची रसदही इथे नाही. नावं ठेवायचीच तर याला ठेवा.