‘येऊ दे, येऊ दे’ म्हणणारा उभा कुठे आहे?

बांधकामाच्या साइटवर माणूस गाडीखाली आला की पहिला प्रश्न ठरलेला: रिव्हर्स हॉर्न चालू होता का? समजा होता. दोन डंपर, एक ट्रान्झिट मिक्सर आणि जेसीबी दिवसभर एकाच आवारात पीं-पीं करत असतात, शेजारी काँक्रीट फोडणारा ब्रेकर सुरू असतो. सळई बांधणाऱ्याच्या कानाला त्याची इतकी सवय होते की आपल्याकडे कोणती गाडी येतेय हे त्याला कळतच नाही. हॉर्नवर भिस्त ठेवणं मला साफ नामंजूर आहे.

डंपरच्या मागच्या फाळक्याला लागून उभा असलेला माणूस ड्रायव्हरला एकाही आरशात दिसत नाही. आणि क्लीनर नेमका तिथेच, फाळक्यावर थापा मारत ‘येऊ दे, येऊ दे’ करत असतो. त्याच्या पाठीमागे कॉलम नाहीतर मातीचा ढीग. ताशी 5 किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास 1.4 मीटर. ओरडा ऐकून ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड सेकंद गेला, तर गाडी 2 मीटर मागे सरकलेली असते.

सिग्नल एकानेच द्यायचा. ड्रायव्हरच्या बाजूला, गाडीच्या वाटेबाहेर, आरशात पूर्ण दिसेल असं तिरकं उभं राहून. हातात मोबाईल नको, दुसरं काम नको. तो आरशातून दिसेनासा झाला की गाडी तिथल्या तिथे थांबली पाहिजे.

मुळात रिव्हर्स घ्यायची वेळच कमी यावी. आत यायचं गेट वेगळं, बाहेर जायचं वेगळं, मधे एकेरी रस्ता. माणसांची वाट पक्क्या बॅरिकेडने तोडा. लाल-पांढरी रिबन डंपर अडवत नाही. माती ओतायच्या कडेला निदान निम्म्या चाकाइतका उंच बांध हवा. पोकलेन वळताना मागचं वजन आणि भिंत यांच्यामध्ये माणूस चिरडतो, म्हणून तिथली फट आधीच बंद करा.

इतकं करूनही अपघात झालाच तर जखमीला आधी दवाखान्यात हलवा, पण गाडी हलवण्यापूर्वी जागेचे आणि नंबर प्लेटचे फोटो काढा. दवाखान्यात ‘जिन्यावरून पडला’ असं लिहून द्यायला सांगणारे भेटतात. अजिबात ऐकू नका, पुढे भरपाई त्याच कागदावर अडते. कामगार भरपाईसाठी मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. ठेकेदाराच्या माणसालाही ती मुख्य मालकाकडे, म्हणजे ठेकेदाराला काम देणाऱ्याकडे मागता येते, ही तरतूद 1923 च्या कायद्यापासूनची आहे. मात्र त्याच अपघाताची भरपाई मोटार अपघात न्यायाधिकरणातूनही, अशी दोन्हीकडून मिळत नाही. म्हणून अर्ज करण्याआधी कामगार वकिलाला कागद दाखवा.