घोषवाक्यं नकोत, दुपारचे दोन तास द्या

परवा एका ओळखीच्या मुलाचा फोन आला. पाणीपुरवठ्याच्या कामावर असलेल्या एका संस्थेत नुकताच लागलाय. "ताई, तीन गावांत भिंती रंगवायच्यात. पाणी वाचवा, शौचालय वापरा अशी पंधरा-वीस घोषवाक्यं द्या ना. तुमच्याकडे जुनी असतील." आहेत, वहीभर आहेत. पण मी दिली नाहीत. का दिली नाहीत ते फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहिते आहे. लांबलं तर सांभाळून घ्या.

मी या कामात आले ती जलस्वराज्य प्रकल्पाच्या काळात. जागतिक बँकेच्या मदतीने २००३ मध्ये सुरू झालेला हा प्रकल्प. गावाने स्वतः योजना ठरवायची, पैसा गावच्या समितीच्या खात्यावर यायचा, कंत्राटदारही समितीनेच नेमायचा, आणि ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची. मी समूह संघटिका होते. गावात जायचं, बैठका लावायच्या, गावनकाशा, शिवारफेरी, मग कृती आराखडा. प्रशिक्षणात सगळं शिकवलं होतं. खडू लोकांच्या हातात द्या, तुम्ही मागे उभ्या राहा, हेही शिकवलं होतं.

मराठवाड्यातल्या एका गावात मी पहिला नकाशा काढून घेतला. सकाळी नऊची वेळ, मारुतीचा पार, सरपंचांनी दवंडी दिलेली. पोरांनी पारासमोर रांगोळीने गाव रेखलं. देऊळ, शाळा, पंचायत, दोन आड, चार हातपंप, ओढा. वीस मिनिटांत नकाशा तयार. देवळाशेजारच्या मोकळ्या जागेवर उंच टाकी, असं सर्वानुमते ठरलंही. बायका समोरच्या भिंतीशी डोक्यावर पदर घेऊन उभ्या होत्या. मी विचारलं, "काही भर घालायची का?" कुणी बोललं नाही. मी अहवालात लिहिलं, 'महिलांनी सक्रिय सहभाग घेतला.' ते वाक्य माझ्या अक्षरात आजही कुठल्यातरी फाइलीत असेल, आणि त्याचं मला वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी ओढ्यापलीकडच्या वस्तीत एका घरी पाणी प्यायला थांबले. तांब्या हातात देता देता घरातली बाई म्हणाली, "काल तुमी काढलेल्या गावात आमची वस्ती कुठं हुती?"

नव्हतीच. रांगोळी ओढ्यापाशी संपली होती. वस्तीतली पस्तीसेक घरं नकाशात नव्हती आणि पारासमोर जमलेल्या शंभर माणसांपैकी कुणालाही, मलाही, ते जाणवलं नव्हतं.

त्याच दुपारी तिच्या अंगणात पुन्हा नकाशा काढला. रांगोळी नव्हती म्हणून चुलीतली राख घेतली. घरांसाठी गोवरीचे तुकडे, खेपांसाठी ज्वारीचे दाणे. उन्हाळ्यात दिवसाला जेवढ्या खेपा तेवढे दाणे आपापल्या घरापुढे ठेवायचे. कुणी सहा ठेवले, कुणी नऊ. आठवीतल्या एका मुलीने स्वतःचे तीन वेगळे ठेवले. तिच्या आईने ते उचलले. मुलीने परत ठेवले. आईने पुन्हा उचलले नाहीत. त्या तीन दाण्यांकडे बघत बायका थोडा वेळ गप्प होत्या, मग एकदम सगळ्या बोलायला लागल्या. कुठल्या हातपंपावर कोण आधी भरतं, कुणाच्या विहिरीवर गेलं की काय ऐकून घ्यावं लागतं, ओढ्याच्या चढावर हंडा कसा कलंडतो. पारावरच्या नकाशात यातलं एक अक्षर नव्हतं.

मग टाकीचा विषय निघाला. एक म्हातारी उठली, ओसरीच्या टोकाला जाऊन उभी राहिली आणि मला बोलावलं. "हितून देवळाचा कळस खाली दिसतो बाई. टाकी तितं बांधली तर पानी वर चढंल का?"

मी कलाशाखेची. पण तिच्या शेजारी उभं राहिल्यावर मलाही दिसलं. कळस खरंच खाली होता. दोन दिवसांनी अभियंता साहेब डंपी लेव्हल, म्हणजे जमिनीची उंच-सखलता मोजायची दुर्बीण, घेऊन आले, वस्तीवर पट्टी धरली, आणि टाकी देवळाशेजारी झाली तर वस्तीच्या नळाला पाणी येणार नाही हे आकड्यांनी निघालं. अंदाजपत्रकाला अजून तांत्रिक मान्यता मिळालेली नव्हती, म्हणून बदलता आलं. टाकी माळावर, वस्तीच्या अंगाला गेली.

माझं सगळं म्हणणं या शेवटच्या मुद्द्यात आहे. म्हातारीने बोट दाखवलं तेव्हा निर्णय व्हायचा होता. हीच म्हातारी सहा महिन्यांनी बोलली असती, तर आम्ही तिचं म्हणणं आदराने लिहून घेतलं असतं, तिचा फोटो काढला असता आणि टाकी देवळाशेजारीच बांधली असती. लोकांना विचारायचं तर उत्तराने काहीतरी बदलू शकेल अशा वेळी विचारायचं. त्यानंतर विचारतो तो उपचार असतो, आणि लोकांना तो बरोबर कळतो. म्हणून ते येत नाहीत. मग आपण म्हणतो, लोकांमध्ये उदासीनता आहे!

पाण्याच्या बाबतीत कागद आणि घोट यांच्यातलं अंतर महाराष्ट्राला काही नवीन नाही. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करणारा, सीताराम केशव बोले यांनी मांडलेला बोले ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ मध्ये झाला. महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठरावही केला. तरी २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले, तोवर अस्पृश्यांपैकी कुणाला तिथे पाणी भरता येत नव्हतं. नकाशात वस्ती राहून जाते तेव्हा मला हे आठवतं. ती विसरून राहत नसते.

शौचालयांच्या बाबतीत तर आपण उलटीच वाट धरली. ग्रामविकासाचे सल्लागार कमल कार यांनी बांगलादेशात राजशाहीजवळच्या मोसमोइल गावात १९९९-२००० च्या सुमाराला एक पद्धत उभी केली. पैसे द्यायचे नाहीत, भाषण करायचं नाही. गावाबरोबर हागणदारीतून चालायचं, नकाशा काढायचा, आणि रोज किती मैला उघड्यावर पडतो, तो माशीच्या पायाने कुठे पोचतो याचा हिशोब गावालाच करू द्यायचा. मग गावाला स्वतःचीच किळस येते, लाज वाटते, आणि गाव स्वतः ठरवतं. आपल्याकडेही ही पद्धत लवकरच आली, आणि काही गावांत मी तिचा जोर पाहिलाय. पण यंत्रणेला त्यातली लाज तेवढी दिसली, हिशोब दिसला नाही. त्यातून उघड्यावर बसणाऱ्यांना पकडणारी गुडमॉर्निंग पथकं निघाली. पहाटे शिट्ट्या, बॅटरीचा झोत, गुलाबाची फुलं, फोटो.

एका गावात सत्तरीच्या एका आजींना पथकाने असंच रस्त्याकडेला उठवलं. गुडघ्यांनी बसायला-उठायला त्रास, त्यात चारचौघांसमोर. नंतर मी त्यांच्याकडे गेले तर म्हणाल्या, "आता मी रात्री जाते, आन सांजच्याला पानीच पीत न्हाई." घरात शौचालय होतं. त्यात सरपण भरलेलं. का, हे पथकातल्या कुणी विचारलं नव्हतं. मी विचारलं. बसवलेलं भांडं शहरी घडणीचं, उतार कमी, दरवेळी बादलीभर पाणी लागणार. ती बादली सुनेने हातपंपावरून आणायची. सून आधीच आठ खेपा करत होती. आजींनी सुनेची नववी खेप वाचवली होती, म्हणून त्या बाहेर जात होत्या.

याला उपाय होता. जास्त उताराचं ग्रामीण पॅन दीड-दोन लिटर पाण्यात साफ होतं. माहिती देणं म्हणजे हे. पण आधी विचारलं असतं, तर ही माहिती बांधकामाच्या वेळीच पोचली असती. बारा हजारांचं अनुदान मिळालं, भिंतीवर 'सूनबाई, घराची शान' छापाचं काहीतरी रंगवलं, आणि पॅन निवडताना सुनेला कुणी विचारलं नाही.

शोषखड्ड्याचंही तसंच. लोक दहा-दहा फूट खोल टाकी बांधतात, कारण खड्डा भरला तर उपसणार कोण, ही भीती. दोन खड्डे घेतले, पहिला भरल्यावर पाणी दुसऱ्यात वळवलं, की वर्ष-दीड वर्षात पहिल्यातल्या मैल्याचं कोरडं, वास नसलेलं खत होतं. हे पोस्टरवर सांगून कुणाला पटत नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये तेलंगणातल्या गंगादेवीपल्लीत केंद्राचे तेव्हाचे स्वच्छता सचिव परमेश्वरन अय्यर स्वतः खड्ड्यात उतरून ते खत बाहेर काढत होते. तो फोटो दाखवला की बायाबापड्या जवळ येऊन बघतात आणि मग प्रश्न सुरू होतात. प्रश्न सुरू झाले की माझं निम्मं काम झालं.

आपल्या मातीत हे नव्हतं असं तर मुळीच नाही. गाडगेबाबा गावात आले की आधी खराटा घ्यायचे, आणि रात्री कीर्तनात श्रोत्यांना प्रश्न विचारायचे. उत्तर श्रोत्यांनी द्यायचं, त्यावर पुढचा प्रश्न. शाळेची पायरी न चढलेला माणूस हजारोंच्या जमावाशी संवाद करत होता. त्यांच्या नावाने २००० साली ग्रामस्वच्छता अभियान निघालं, गावं चकाचक झाली, ते मी मानते. पण प्रश्न विचारण्याची त्यांची रीत आपण उचलली नाही, खराटा तेवढा उचलला.

हिवरे बाजारचं नाव सगळे घेतात. तिथे जाऊन मला सगळ्यात जास्त काय आवडलं असेल तर पाण्याचा ताळेबंद. पाऊस किती पडला हे गावातच मोजायचं, ग्रामसभेत हिशोब मांडायचा, आणि यंदा काय पेरायचं ते त्यावरून ठरवायचं. ऊस नाही, केळी नाही, शेतीसाठी बोअर नाही. आकडा गावाचा म्हणून बंधनही गावाचं. बाहेरच्याने हेच सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी बोअरची गाडी गावात असती.

आता जलजीवन मिशन. माणशी रोज ५५ लिटर, घरोघर नळ. उद्दिष्टाबद्दल माझ्या मनात आदरच आहे. वीस वर्षं हंडे बघितलेल्या बाईला असणारच. पाणी व स्वच्छता समितीत निम्म्या महिला हव्यात, गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायचं किट चालवता यायला हवं, गाव कृती आराखडा गावाने करायचा, सगळं कागदावर आहे. पण मी अलीकडे पाहिलेल्या काही गावांत पाइप आधी पडले आणि आराखड्याची सभा नंतर झाली. महिला सभेचं रजिस्टर घरोघर सही-अंगठ्यासाठी फिरलं. एका गावातल्या पाच किटवाल्या ताईंपैकी तिघींना आपलं नाव यादीत आहे हे माझ्याकडून कळलं. बाकी दोघींपैकी एक इतकी हुशार की तिने एच-टू-एसची बाटली (पाणी दूषित असलं की ही काळी पडते) काळी पडलेली घेऊन थेट ग्रामसेवकांच्या टेबलावर ठेवली. टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर, त्याच दिवशी पाण्यात पडली!

तर घोषवाक्य मागणाऱ्या त्या मुलाला मी काल परत फोन केला. म्हटलं, बाळा, तीन गावांपैकी टाकीची जागा अजून पक्की झाली नाही असं एखादं आहे का? त्याने कागद चाळले. एक आहे. पाइप उतरलेत, पण टाकीची आखणी पुढच्या आठवड्यात. मी म्हटलं, भिंती राहू दे. बायका भाकरी-धुणं उरकून मोकळ्या होतात त्या वेळेला, दुपारी दोनला, सगळ्यात लांबच्या वस्तीत जाऊ. आखणीच्या साहेबांनाही बोलाव, पण त्यांना सांग, पहिला तासभर काही बोलायचं नाही. तो म्हणाला, "ताई, बॅनर लावायचं का?" नको म्हटलं. ज्वारी घे मूठभर.

सोमवारी जातोय.