"शिकलेली बाई असून फसली कशी?" हे विचारणं आधी बंद करा

आज एका बारशाला गेले होते. आमच्या गल्लीतल्या वहिनी पंगतीत वाढत होत्या आणि त्यांच्याच नात्यातले एक गृहस्थ सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "काय वहिनी, सुरतेच्या साड्या आल्या का मग?" चार जण हसले. वहिनी भाजीचं पातेलं घेऊन आत गेल्या, त्या परत बाहेर आल्याच नाहीत. बारशाचं घर होतं म्हणून तिथे गप्प बसले. इथे बसणार नाही.

वहिनी घरून साड्या विकतात. होलसेलवाल्यांच्या एका ऑनलाइन डिरेक्टरीवर त्यांना सुरतेचा सप्लायर सापडला. नावापुढे खात्रीचा शिक्का, भरपूर स्टार, गच्च भरलेल्या दुकानाचे फोटो. २२,००० रुपये ॲडव्हान्स पाठवला. मग फोन आला, गाडी रस्त्यात अडवलीय, ई-वे बिलाचे (माल वाहतुकीसाठी लागणारा ऑनलाइन कागद) ९,००० भरा, माल पोचला की परत करतो. तेही भरले. त्यानंतर फोन बंद.

त्या सप्लायरने दिलेलं साड्यांचं बिल मी स्वतः बघितलंय. भल्याभल्यांना खरं वाटेल असं होतं. जीएसटी नंबर २४ ने सुरू होणारा, म्हणजे गुजरातचाच. जीएसटीच्या पोर्टलवर टाकला तर नोंदणी चालू, फर्मचं नावही तेच! कारण नंबर एका खऱ्या व्यापाऱ्याचा उचलला होता. त्या व्यापाऱ्याला शोधून फोन केला तर तो आमच्यापेक्षा वैतागलेला; त्याच्या नावावर फसलेले लोक त्यालाच शिव्या घालतात. गडबड होती फक्त खात्यात. पैसे गेले ते फर्मच्या खात्यात नाही, कुणा एका माणसाच्या बचत खात्यात. आयएफएससी कोड टाकला तर शाखा निघाली भलत्याच राज्यातली.

म्हणून सांगते, नुसता जीएसटी नंबर तपासून थांबू नका. खातं त्याच फर्मच्या नावाचं नसेल तर एक रुपयाही पाठवू नका, समोरचा कितीही गोड बोलो. आणि ई-वे बिलाला सरकार फी घेत नाही. ते माल निघण्याआधी विकणारा किंवा ट्रान्सपोर्टवाला काढतो, आणि ५०,००० च्या आतल्या मालाला सहसा लागतही नाही. हे वहिनींना कुणी सांगितलं होतं? पंगतीत हसणाऱ्यांपैकी किती जणांना माहीत होतं?

राग त्या डिरेक्टरीवाल्यांचाही येतो. त्यांना पैसे भरणाऱ्या सप्लायरचं नाव यादीत वर, आपला फोन नंबर दहा सप्लायरांच्या हातात, आणि तक्रार केली की "आम्ही फक्त ओळख करून देतो, व्यवहार तुमचा तुम्ही बघा." मग तो खात्रीचा शिक्का कशाची खात्री देतो? हो, तिथे चांगले लोकही मिळतात, माझ्या बहिणीला पॅकिंगचे बॉक्स देणारा तिथलाच आहे. आणि नव्या गिऱ्हाइकाला उधारीवर माल कुणी देत नाही, हेही मान्य. पण मग पहिली ऑर्डर पाच साड्यांची द्या, व्हिडिओ कॉलवर दुकान दाखवायला सांगा. खरा व्यापारी दाखवतो. "साहेब मार्केटबाहेर आहेत, आज पैसे टाका नाहीतर रेट जाईल" असं म्हणणाऱ्याचा नंबर तिथल्या तिथे ब्लॉक करा.

आता खरं दुखणं सांगते. पैसे गेले की लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करायचा असतो. वेळेत कळवलं तर पुढच्या खात्यात रक्कम अडवता येते. वहिनींनी फोन केलाच नाही. दोन दिवस कुणाला काही बोलल्याच नाहीत. का? घरचे बोलतील म्हणून! मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "ताई, पैसे गेल्याचं कळलं तर धंदाच बंद करायला लावतील." त्या दोन दिवसांत पैसे कुठल्या कुठे गेले. तेव्हा भाऊसाहेब, त्या चोरांना तुमच्यासारख्यांच्या टोमण्यांची फार मदत होते.

आणि माझ्या बायांनो, असं काही झालंच तर नवऱ्याला नंतर सांगा, सासूला नंतर सांगा, आधी १९३०. तक्रार cybercrime पोर्टलवरही करता येते. ऐनवेळी हात थरथरत असतील तर मला फोन करा, रात्री-अपरात्री केला तरी चालेल. मी एका शब्दाने बोलणार नाही.

वहिनी पुन्हा माल भरणार आहेत, मी त्यांची साथ सोडणार नाही. आपल्या खानदेशातल्या घराघरातलं कुणी ना कुणी सुरतेत आहे, उधना-लिंबायत तर आपल्याच लोकांनी भरलंय. तिथल्या कुणाला रिंग रोडच्या मार्केटमध्ये जाऊन एक दुकान खरंच आहे का, एवढं बघून यायला जमेल का? जमत असेल तर मला मेसेज करा. दुकानाचं नाव आणि गाळा नंबर लगेच पाठवते.